पेकिंग दरबारच्या कागदांची परीक्षा

चीन देशाच्या राजमंडळांत काय चाललें आहे हें ओळखण्याचा एक स्वतंत्र व्यवसाय गेल्या पाऊणशें वर्षांत जगांत उभा राहिला आहे. इतिहास-संशोधनास वाहिलेल्या ह्या त्रैमासिकांत त्याची चर्चा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, हा व्यवसाय मुळांत कागद वाचण्याचा आहे. आणि कागद कसा वाचावा ह्याविषयीं ह्या त्रैमासिकाच्या वाचकांइतका अधिकार थोड्यांस असेल. चीनच्या सत्ताधारी पक्षाच्या बैठकी बंद दाराआड होतात, त्यांचें दफ्तर बाहेरच्यास खुलें नाहीं, आणि जें बाहेर येतें तें निवडलेलें, घासलेलें व वेळ साधून प्रसिद्ध केलेलें असतें. म्हणून अभ्यासक वर्तमानपत्रांतील नांवांचा क्रम पाहतात, समारंभाच्या छायाचित्रांत कोण कोठें उभा आहे हें मोजतात, मागील ठरावांतील कोणता शब्द नव्या ठरावांत गळला हें टिपतात. लास्लो लादानी नांवाचे एक हंगेरियन जेसुइट पाद्री १९५३ पासून सुमारें तीस वर्षें हाँगकाँगमध्यें बसून चिनी वर्तमानपत्रें वाचीत व त्यांवर एक छोटें पत्रक काढीत. नुसत्या छापील ओळींवरून त्यांनीं जें ओळखलें तें चीनमध्यें पाहुणचार घेऊन आलेल्या पुष्कळांस ओळखतां आलें नाहीं.

हें काम मराठी माणसास नवें नाहीं. दिल्लीस हिंगणे घराण्याचे वकील पेशव्यांतर्फें राहत. किल्ल्यांत कोणाची मसलत चालते, वजिराची मर्जी कोणावरून उतरली, खिलत कोणास मिळाली व मुलाखत कोणाची टळली, हें पुण्यास लिहून कळविणें हेंच त्यांचें मुख्य काम. हिंगणे दफ्तर ज्यांनीं चाळलें आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, त्या काळच्या बातमीदारीस एक शिस्त होती. डोळ्यांनीं पाहिलेलें वेगळें, खात्रीच्या माणसाकडून आलेलें वर्तमान वेगळें, आणि आवई वेगळी. आवई कळविण्यास हरकत नसे. मात्र ती आवई म्हणून कळवावयाची. हा शब्द आज व्यवहारांतून बहुतेक गेला आहे, आणि त्याच्याबरोबर त्यामागचा विवेकही गेला कीं काय अशी शंका येते.

आमच्या काळांत गोविंद पुरुषोत्तम देशपांडे (१९३८–२०१३) ह्यांनीं हाच पेशा दिल्लीस, जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत, केला. मराठी वाचक त्यांस ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ ह्या नाटकाचे कर्ते म्हणून ओळखतो; उपजीविका मात्र चीनचें राजकारण शिकविण्याची होती. एका प्राध्यापकाची बंद खोलींत चाललेली चौकशी हा त्या नाटकाचा विषय. माणूस काय बोलतो आणि काय गिळतो, ह्या दोहोंतून त्याचें राजकारण तेथें ओळखावें लागतें. नाटककाराचा कान व चीनच्या अभ्यासकाचा कान एकच असावा असें आम्हांस तें नाटक वाचतांना नेहमीं वाटत आलें आहे. देशपांडे गेल्यावर मराठींत ह्या विषयावर जें लिहिलें जातें त्यांतील बराच भाग, स्पष्ट बोलावयाचें तर, आवईवर उभा आहे.

उदाहरण दूरचें नको. सप्टेंबर २०२२ मध्यें अध्यक्ष शी जिनपिंग समरकंदच्या परिषदेहून परतले व कांहीं दिवस लोकांस दिसले नाहींत. लगेच पेकिंगांत लष्करानें उठाव केला, अध्यक्ष नजरकैदेंत पडले, अशी हाकाटी झाली, आणि आपल्याकडील दूरचित्रवाणीनें ती मोठ्या हौसेनें उचलली. २७ सप्टेंबर रोजीं ते एका प्रदर्शनांत फिरतांना दिसले. त्या दिवसांत परदेशांतून आलेल्यास चीनमध्यें विलगीकरणांत राहावें लागे, ही साधी गोष्ट कोणी विचारांत घेतली नव्हती. ह्याच्या उलट उदाहरणही लगेच पुढल्या वर्षीं घडलें. परराष्ट्रमंत्री छिन गांग २५ जून २०२३ नंतर दिसेनासे झाले आणि बरोबर एका महिन्यानें, २५ जुलै रोजीं, त्यांचें पद गेलें. संरक्षणमंत्री ली शांगफू ऑगस्टच्या अखेरीस दिसेनासे झाले; ऑक्टोबरांत तेही गेले. म्हणजे अनुपस्थिति हें लिंग कधीं साध्याबरोबर राहतें, कधीं राहत नाहीं. नैयायिक अशा हेतूस सव्यभिचार म्हणतात, आणि त्यावरून अनुमान करूं देत नाहींत. पावसाळ्यांत माळशेजावर चढणारें धुकें पाहून डोंगरास वणवा लागला असें मुरबाडचा गुराखी म्हणत नाहीं. कारण ऋतु कोणता हें त्यास ठाऊक असतें. पेकिंगचा ऋतु न पाहतां धूर पाहणारे मात्र पुष्कळ.

हा केवळ करमणुकीचा विषय असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. जून २०२० मध्यें गलवान खोऱ्यांत आपले २० सैनिक धारातीर्थीं पडले. त्यानंतर पेकिंगांतील सत्तेचा अंतःस्थ हेतु काय, ह्याविषयीं आठवडाभरांत इतके सिद्धांत निघाले कीं, त्यांतील कोणताही दोन एकमेकांशीं जुळेनात. शेजारच्या दरबाराचा कागद चुकीचा वाचल्याची किंमत संशोधक देत नाहीं. ती दुसरेच देतात.

आतां ओळींत कोण आहे व कोण नाहीं ह्या प्रश्नाकडे येऊं. त्याचें सर्वांत जुनें उदाहरण आमच्या मुरबाड तालुक्याच्या वेशीवरच आहे. वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढून गेलें कीं माथ्यावरच्या लेण्यांत मागील भिंतीवर सातवाहन राजकुलाच्या मूर्तींची ओळ होती. मूर्ति आज नष्ट आहेत. पावलांच्या कांहीं खुणा व डोक्यावर कोरलेले ब्राह्मी नामलेख तेवढे शिल्लक आहेत. राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा श्री सातकर्णि, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन हीं नांवें वाचतां येतात. कांहीं नामलेख गेले आहेत. भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर ह्यांच्यापासून मिराशींपर्यंत अनेकांनीं हे लेख वाचले. पुराणांच्या वंशावळींत सिमुकानंतर त्याचा भाऊ कृष्ण राजा झाला असें आहे, आणि नाशिकच्या लेण्यांत कन्ह राजाच्या काळचा लेख प्रत्यक्ष आहे. नाणेघाटच्या ओळींत मात्र त्याचें नांव आढळत नाहीं. येथें चतुर वाचकाचा हात लगेच शिवशिवूं लागतो: कृष्णानें पुतण्याचें राज्य बळकाविलें असावें, राणीनें सूड म्हणून त्यास वगळलें असावें, घराण्यांत दोन तट असावेत.

असावेत किंवा नसावेत. आधीं विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: ही ओळ कशाची? राज्यकर्त्यांची यादी ह्या हेतूनें ती कोरली असेल तर कृष्णाचें नसणें बोलकें ठरेल. पण नांवें पाहतां ती राणीच्या घरची ओळ दिसते. तींत पति आहे, राजकुलाचा मूळ पुरुष आहे, राजकुमार आहेत, आणि बहुतेक विद्वान ज्यास तिचा पिता मानतात तो महारठीही आहे. महारठी हा सातवाहन राजा नव्हे. तरी त्यास जागा आहे. अशा ओळींत पतीच्या चुलत्यास जागा नसली तर त्यांत वैर कोठून आलें? शिवाय जे नामलेख गेले त्यांत त्याचें नांव नव्हतें हें कोणी पाहिलें आहे? मीमांसक ज्यास प्रकरण म्हणतात तें ठरविल्यावांचून एकट्या पदाचा अर्थ लागत नाहीं. लेखांतील यज्ञांच्या यादीवर जेवढा विचार झाला तेवढा ह्या ओळीच्या प्रयोजनावर व्हावयास पाहिजे होता, असें आमचें मत आहे.

नाणेघाटास मूर्ति गेल्या व नांवें राहिलीं. पेकिंगांत १९७६ सालीं ह्याच्या उलट घडलें. माओ त्से-तुंग ९ सप्टेंबर १९७६ रोजीं वारले. १८ सप्टेंबरच्या शोकसभेंत सर्व पुढारी एका ओळींत मान लववून उभे राहिले व तें छायाचित्र प्रसिद्ध झालें. पुढें ६ ऑक्टोबर रोजीं माओंची पत्नी ज्यांग छिंग व तिचे तीन सहकारी पकडले गेले. त्यानंतर तेंच छायाचित्र पुन्हां छापलें गेलें, त्यांत ते चौघे पुसून टाकले होते. मजेची गोष्ट ही कीं, उरलेल्यांस सरकवून ओळ सांधण्याची तसदी कोणी घेतली नाहीं. जेथें माणसें होतीं तेथें मोकळी जागा तशीच राहिली. खाडाखोड झांकण्याचा येथें हेतुच नव्हता. वाचणाऱ्यास ती दिसावी, आणि दिसूनही त्यानें गप्प बसावें, हाच त्या चित्राचा मजकूर. हस्तलिखितांत हरताळ लावून अक्षर बुजविणारा लेखक चूक झांकतो. हें बुजविणें आज्ञापत्रासारखें होतें. दोन्ही प्रती ज्यांच्यापुढें आहेत त्यांसच हें कळतें, आणि म्हणून संग्राहकानें ‘सुधारलेली’ प्रत मिळाली कीं जुनी टाकून देऊं नये.

ह्याच प्रकरणांतील दुसरा कागद आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. १९७६ च्या वसंतांत माओंची वाचा इतकी खालावली होती कीं, जवळच्यांसही त्यांचें बोलणें उमगेना. म्हणून ते चिठ्ठ्यांवर लिहून देत. ३० एप्रिल रोजीं न्यूझीलंडचे प्रधानमंत्री मल्डून ह्यांची भेट आटोपल्यावर हुआ ग्वोफेंग ह्यांनीं देशांतील परिस्थितीची हकीकत निवेदन केली. तेव्हां माओंनीं ज्या चिठ्ठ्या दिल्या त्यांतील तीन प्रसिद्ध आहेत. एकीचा आशय असा कीं, सावकाश घ्यावें, उतावीळ होऊं नये; दुसरीचा, पूर्वीच्या धोरणाप्रमाणें चालावें; तिसरीचा, काम तुमच्याकडे असलें म्हणजे आपण निश्चिंत. माओंच्या मृत्यूनंतर १६ सप्टेंबरच्या अग्रलेखांत त्यांची आज्ञा म्हणून एक वाक्य छापलें गेलें: ठरलेल्या धोरणाप्रमाणें चालावें. दोन्ही वाक्यें चिनी लिपींत सहा-सहा अक्षरांचीं. त्यांतलीं तीन अक्षरें निराळीं.

२ ऑक्टोबर रोजीं संयुक्त राष्ट्रांत करावयाच्या भाषणाचा मसुदा तपासतांना हुआंनीं हें वाक्य काढून टाकलें आणि मूळांशीं ताडतां सहापैकीं तीन अक्षरें चुकलीं आहेत असा शेरा मारला. ४ ऑक्टोबर रोजीं एका प्रमुख दैनिकांत तेंच छापील वाक्य शिरावर धरून मोठा लेख आला. ६ ऑक्टोबर रोजीं अटक झाली. पुढें चौघांवर ठेवलेल्या दोषांत हाही एक मोठा दोष होता कीं, त्यांनीं मृत पुढाऱ्याच्या आज्ञेंत बनावट अक्षरें घातलीं.

हें वाचतांच मराठी वाचकाच्या मनांत काय येईल तें सांगणें नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावें’ ह्या शब्दांतल्या ध चा मा आनंदीबाईनें केला अशी कथा आजतागायत चालत आली आहे. मूळ कागद कोणाच्याही दफ्तरांत मिळालेला नाहीं. मोडींत ध चा मा करणें सोपें कीं अवघड, ह्यावर वाद घालणारे आम्हीं पाहिले आहेत. वादाआधीं कागद हवा, एवढें त्यांस सुचत नाहीं. पण कागद नसतांना कथा इतकी टिकली कां, हा प्रश्न खरा आहे. गारद्यांस पैसा कोणी दिला, वाड्याचे पहारे कसे ढिले पडले, कारभाऱ्यांपैकीं कोणास किती ठाऊक होतें, ह्या सर्व अवघड प्रश्नांचा भार एका अक्षरावर टाकला कीं बाकीचा दरबार मोकळा होतो. पेकिंगांतही तेंच झालें. दहा वर्षांच्या उत्पातांत ज्यांनीं ज्यांनीं हात घातले होते ते सगळे तीन अक्षरांच्या आड उभे राहिले. दोन्हीं ठिकाणीं लेखणी राजकुटुंबांतील एका स्त्रीच्या हातांत दिलेली आहे हा आम्ही योगायोग मानीत नाहीं.

येथें टीकाकारानें दोन गोष्टी तपासावयाच्या असतात. एक, पाठभेदानें अर्थ खरोखर बदलतो काय? ‘धरावें’ व ‘मारावें’ ह्यांत जीवन-मरणाचें अंतर आहे. ‘पूर्वीच्या’ व ‘ठरलेल्या’ ह्यांत तें नाहीं. ऐकून टिपून घेणाऱ्याच्या हातूनही असा फरक पडूं शकतो, हें ज्यानें चार प्रती ताडून पाहिल्या आहेत त्यास नवें नाहीं. दुसरी गोष्ट काळाची. अटकेचा विचार सप्टेंबरांतच चालू झाला होता. म्हणजे अक्षरांमुळें अटक झाली नाहीं, अटकेस अक्षरें सांपडलीं. इतक्यावर थांबलें तर बरें. परंतु कित्येक ग्रंथकार अजूनही ह्या पाठभेदांत दोन धोरणांचा झगडा पाहतात. झगडा होता तो आज्ञा सांगण्याचा अधिकार कोणाचा ह्याचा. आज्ञेंत काय आहे ह्याचा नव्हे.

आणि तिसऱ्या चिठ्ठीकडे तर कोणी टीकाकाराच्या नजरेनें बघितलेंच नाहीं अशी फार दिवस स्थिति होती. आपण निश्चिंत आहों, हें वाक्य हुआंच्या वारसाहक्काची सनद म्हणून देशभर मिरविलें गेलें. त्या प्रसंगाचीं रंगीत चित्रें छापलीं गेलीं. प्रकरण पाहतां तें चालू कामावरचें उत्तर होतें. एखाद्या कमाविसदारास, काम नीट करितां, समाधान वाटलें, म्हणून लिहिलेलें पत्र त्याच्या नातवानें वतनाची सनद म्हणून पुढें करावें तसा हा प्रकार. पत्र अस्सल, अक्षर अस्सल, आणि दावा तेवढा त्यांतून निघत नाहीं. विशाखदत्तानें हें फार पूर्वीं ओळखलें होतें. ‘मुद्राराक्षसां’त मुद्रा राक्षसाचीच आहे, हस्ताक्षर त्याच्याच मित्राचें, शकटदासाचें, आहे, पत्र मात्र चाणक्याचें. मोर्तब तपासून थांबणाऱ्या मलयकेतूचा जो नाश झाला तो अज्ञानामुळें झाला नाहीं, अर्धवट परीक्षेमुळें झाला.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्याच्या प्रस्तावनेंत बखरींवर कोरडे ओढले. त्यांचा राग बखर खोटी म्हणून नव्हता. ती घटनेनंतर, शेवट ठाऊक असतां, लिहिली जाते म्हणून होता. चिनी पक्षानें २७ जून १९८१ रोजीं आपल्या इतिहासाविषयीं जो ठराव केला तो अशीच एक बखर आहे, आणि अतिशय सुव्यवस्थित बखर आहे. त्याच सभेंत हुआ ग्वोफेंग पायउतार झाले. त्या बखरीप्रमाणें हुआ म्हणजे माओंच्या प्रत्येक शब्दास चिकटून बसलेला जुनाट माणूस, आणि डिसेंबर १९७८ च्या बैठकींत डेंग श्यावपिंग ह्यांच्या सुधारक धोरणानें त्याच्यावर जय मिळविला. तीस वर्षें पाश्चात्त्य ग्रंथकारांनीं व त्यांच्यामागून आपल्या लोकांनीं हीच कथा पाठ केली. फ्रेडरिक टाइवेस व वॉरन सन ह्यांनीं कागद ताडून दाखविलें कीं, परदेशी यंत्रें व भांडवल आणण्याच्या बाबतींत हुआ मागें नव्हते, कांहीं ठिकाणीं पुढेंच होते. जोसेफ टोरिजियन ह्यांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आणखी पुढें जाऊन असें प्रतिपादिलें आहे कीं, स्टालिन व माओ ह्यांच्यानंतरचे झगडे धोरणावर अथवा मतसंख्येवर मिटले नाहींत. वैयक्तिक दबदबा, एकमेकांच्या जुन्या पापांचे पुरावे, आणि सैन्य व पहारा कोणाच्या हातीं, ह्यांवर मिटले. ग्रंथ मोठ्या श्रमाचा आहे. आमचा आक्षेप एकच. दबदबा कोणाचा अधिक, हें कांहीं ठिकाणीं विजयावरून ओळखलें जातें, आणि विजय दबदब्यावरून सिद्ध केला जातो. हा अन्योन्याश्रय टाळावयाचा तर विजयापूर्वींचे कागदच पुढें आणावे लागतील. डेंगांच्या लष्करी पूर्वायुष्याचे दाखले देऊन त्यांनीं तसा यत्न केला आहे, हेंही सांगितलें पाहिजे.

गटांविषयींही थोडें. शांघायचा गट, युवक संघाचा गट, जुन्या क्रांतिकारकांच्या पुत्रांचा गट, अशीं नांवें घेतलीं कीं पुष्कळांस सर्व उलगडल्यासारखें वाटतें. बारभाई हें नांवही असेंच सोयीचें आहे. सखारामबापू त्यांत होते. पुढें त्याच बापूंस नाना फडणिसांनीं कैदेंत टाकलें. एकत्र कां आले हें नांवानें कळतें, वेगळे कां झाले हें कळत नाहीं, आणि इतिहास बहुधा दुसऱ्या प्रश्नांतच असतो. माहुलीचेंही तेंच. १६३६ सालीं शहाजीराजे बालनिजामशहास घेऊन शहापूरजवळच्या ह्या किल्ल्यांत वेढले गेले, खानजमान व रणदुल्लाखान बाहेर होते. आंत कोणती मसलत झाली, शरण जावें असें कोणी सुचविलें, हें आम्ही प्रामुख्यानें बाहेरच्यांच्या, म्हणजे ‘पादशहानामा’ लिहिणाऱ्या लाहोरीच्या पक्षाच्या, तोंडून ऐकतों. किल्ल्याखालचे लोक मात्र आंतली हकीकत इतकी तपशीलवार सांगतात कीं जणूं ते त्या सदरेवर होते. पेकिंगच्या भिंतीआडचें संभाषण शब्दशः देणारीं पुस्तकें वाचतांना आम्हांस तींच माणसें आठवतात.

अशा पुस्तकांत २००१ सालचें ‘तियानानमेन पेपर्स’ अग्रगण्य. १९८९ च्या आंदोलनाच्या वेळीं पुढाऱ्यांत काय बोलणें झालें त्याचीं टिपणें त्यांत आहेत. संकलकानें टोपणनांव घेतलें आहे, आणि संपादकांच्या हातीं मूळ कागद नव्हे तर संगणकावर उतरलेला मजकूर आला. म्हणजे कागद नाहीं, शाई नाहीं, हस्ताक्षर नाहीं, मोर्तब नाहीं. अँड्र्यू नेथन व पेरी लिंक हे संपादक जबाबदार विद्वान आहेत. तरी बहिरंग-परीक्षेस येथें जागाच उरत नाहीं, आणि अंतरंग-परीक्षेवर सर्व भार पडतो. ती परीक्षा करण्याची संधि २००९ सालीं आली. पदच्युत सरचिटणीस झाओ झियांग ह्यांनीं नजरकैदेंत असतांना, मुलांचीं गाणीं व पेकिंगची संगीत नाटकें ज्यांवर ध्वनिमुद्रित होतीं अशा सुमारें तीस फितींवर आपली साक्ष गुपचूप बोलून ठेविली होती. ते २००५ च्या जानेवारींत वारले, त्यानंतर ती ग्रंथरूपानें आली. लष्करी कायदा पुकारण्याच्या प्रश्नावर १७ मे १९८९ रोजीं स्थायी समितींत दोन विरुद्ध दोन व एक तटस्थ असें मतदान झाल्याचें ‘पेपर्स’ सांगतात. झाओ सांगतात कीं औपचारिक मतदान झालेंच नाहीं. दोघांपैकीं कोण खरें? झाओंची साक्ष समक्षदर्शीची, आवाज त्यांचाच, हा तिचा गुण. पण ती अकरा वर्षांनीं, हरलेल्या पक्षानें, स्वतःच्या निर्दोषित्वासाठीं दिलेली आहे. नाना फडणिसांचें आत्मचरित्र ज्या सावधपणें वाचावयाचें त्याच सावधपणें ही वाचावी. तरी ह्या मुद्द्यावर आम्ही झाओंच्या बाजूनें झुकतों. मतदान झालें, आपण उघड विरोधीं मत दिलें, असें म्हणणें त्यांच्या कीर्तीस अधिक सोयीचें होतें. जो साक्षीदार सोयीची गोष्ट नाकारतो त्याचें म्हणणें जड धरावें.

विजय गोखले त्या वर्षीं पेकिंगच्या भारतीय राजदूतावासांत होते. पुढें ते राजदूत व परराष्ट्रसचिव झाले. त्यांचें १९८९ वरचें पुस्तक २०२१ सालीं निघालें. चौकांतील विद्यार्थ्यांपलीकडे पाहून पुढाऱ्यांतल्या स्पर्धेकडे वाचकाचें लक्ष त्यांनीं ओढलें, परदेशी बातमीदारांच्या उतावीळपणावर बोट ठेविलें, हें फार योग्य केलें. पण चौकांत व रस्त्यावर जें दिसलें तें त्यांचें ‘पाहिलेलें’ आहे, आणि भिंतीआड जें घडलें तें त्यांसही मागाहूनच्या ग्रंथांतून व साक्षींतून घ्यावें लागणार. ह्या दोहोंची प्रत एक नव्हे. हिंगण्यांच्या वकिलानें तीं दोन निराळ्या वाक्यांत लिहिलीं असतीं. वाचकानेंही तीं निराळीं ठेवून वाचावीं.

जातां जातां एक विनंति संग्राहकांस. पेकिंगहून इंग्रजी व हिंदी भाषांत निघणारीं साप्ताहिकें व मासिकें त्या दशकांत आपल्या देशांत येत असत, आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या घरीं त्यांच्या चळती पडलेल्या असतात. १९७६ च्या सप्टेंबर ते डिसेंबर ह्या चार महिन्यांचे अंक कोणाच्या हातीं आल्यास ते मुखपृष्ठासह व मूळ क्रमानें राखावे. सहा अक्षरांचें तें वाक्य कोणत्या अंकापर्यंत छापलें गेलें व कोणत्या अंकापासून नाहींसें झालें, आणि शोकसभेचें चित्र कोणत्या अंकांत भरलेल्या ओळीचें व कोणत्यांत तुटलेल्या ओळीचें आहे, ह्याची यादी मराठींत कोणीं केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं.